फुटपाथवरून बघितलंस तरी चालेल

अगं, परवा रात्री साडेअकराला तुझा फोन आला तेव्हा मी अर्धवट झोपेत होते. शेजारच्या कॉटवरची मुलगी जागी होईल म्हणून तू दबक्या आवाजात बोलत होतीस. "ताई, पुण्यात प्राइड आहे. ऑफिसातली दोघंतिघं चाललीत. मी जाऊ का? आणि खरं सांग, झेंडे घेऊन रस्त्यावर चाललं की होतं काय?" मी म्हटलं, उद्या बोलू. पण असलं बोलणं लोकलच्या गर्दीत उभ्याने होत नाही, म्हणून आज बसून लिहिते आहे. चहा करून घे आणि सावकाश वाच.

तू दोन गोष्टी विचारल्यास. यानं काय होतं, ही एक. तू जावंस का, ही दुसरी. पहिलीचं उत्तर माझ्याकडे पक्कं आहे. दुसरीचं उत्तर तुझंच असणार, मी फक्त सोबत करीन.

तुला आजवर न सांगितलेली एक गोष्ट आधी सांगते.

१६ ऑगस्ट २००८. शनिवार होता आणि राखीपौर्णिमा. मी सत्तावीस वर्षांची होते. ऑफिस अर्धा दिवस करून मी गिरगावात दादाकडे निघाले होते. पर्समध्ये राखी, पिशवीत नारळाच्या वड्यांचा डबा. रस्त्यावर पुढून घोषणा ऐकू यायला लागल्या. मला वाटलं, नारळी पौर्णिमेला कोळी मंडळी चौपाटीकडे निघाली असतील. माणसं जवळ आली तेव्हा हातातले फलक वाचता आले आणि माझे पाय जागीच थिजले. ती 'क्वीअर आझादी'ची पहिली मिरवणूक होती, ऑगस्ट क्रांती मैदानातून निघून चौपाटीकडे चाललेली. आदला दिवस स्वातंत्र्यदिनाचा. १९४२ साली इंग्रजांना 'चले जाव' सांगितलं गेलं त्याच मैदानातून, इंग्रजांनीच १८६० च्या दंडसंहितेत घातलेल्या ३७७ कलमाविरुद्ध माणसं निघाली होती. आपल्यासारख्यांच्या प्रेमाला त्या कलमात जन्मठेपेपर्यंतची शिक्षा होती.

कित्येकांनी मुखवटे लावले होते. मी एका दुकानाच्या पायरीवर चढून, छत्रीआड उभी राहिले. आणि मला ती दिसली. माझ्याच वयाची, चष्मा लावलेली, साधा सुती कुर्ता. तोंडावर मुखवटा नाही. खांद्याला डब्याची पिशवी. माझ्या खांद्याला होती तशीच, कापडी, खालून तेलाचा डाग पडलेली. ती शेजारणीशी बोलत, हसत, आरामात चालली होती. ऑफिस सुटल्यावर स्टेशनकडे चालावं तशी.

तुला कसं सांगू मला काय झालं ते! तोवर 'अशा' माणसांची दोनच चित्रं माझ्याकडे होती: सिनेमात टिंगलीला आणलेलं पात्र आणि सिग्नलला टाळी वाजवणारी तृतीयपंथी माणसं. मी या दोन्हींत कुठेच बसत नव्हते. त्यामुळे माझ्यात जे आहे ते फक्त माझ्यातच आहे, जगात याला नाव नाही, असं मी धरून चालले होते. त्या डब्याच्या पिशवीनं ते मोडलं. ती बाई कोण, पुढे तिचं काय झालं, मला माहीत नाही. तिलाही कधी कळणार नाही की एका दुकानाच्या पायरीवर तिनं कुणालातरी श्वास घ्यायला शिकवलं.

मी मिरवणुकीत गेले नाही. दादाकडे गेले, राखी बांधली. तो म्हणाला, "खाली कसला मोर्चा होता?" मी म्हटलं, "बघितलं नाही." दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. आधी मी धडधडत्या छातीनं फोटोच्या कडेला माझी छत्री दिसतेय का ते शोधलं. मग आईनं तो पेपर हातात घेतला, बराच वेळ बघितला आणि म्हणाली, "यांच्या आयांना ठाऊक असेल का गं?" आमच्या घरात हा विषय निघाला तो आयुष्यात पहिल्यांदा. मी काढला नव्हता. मिरवणुकीनं काढून दिला.

यानं काय होतं म्हणालीस ना? हे होतं. ज्या घरात आपल्याला तोंड उघडता येत नाही, त्या घरात हा विषय सकाळच्या चहाबरोबर जाऊन बसतो. चाळीच्या गॅलरीत उभ्या असलेल्या आजीला, बसमधून वाकून बघणाऱ्या कंडक्टरला, बंदोबस्ताला उभ्या असलेल्या पोलिसाला त्या दिवशी शंभर वेगवेगळे चेहरे दिसतात. विद्यार्थी दिसतात, नर्स दिसते, पिकल्या केसांचं जोडपं दिसतं, हातात फलक धरून चालणारे आईबाप दिसतात. आपल्या लोकांना तर हे नवं नाही. मनातली गोष्ट रस्त्यावर आणून चारचौघांत मांडायची आपली जुनी रीत आहे. वारी रस्त्यावरून चालते, पाडव्याची शोभायात्रा रस्त्यावर निघते, गणपती घरातून मांडवात आला. मग आपण मात्र बंद दारामागेच का राहायचं?

हे सुरू कसं झालं तेही ऐक. २८ जून १९६९ च्या पहाटे न्यूयॉर्कमधल्या स्टोनवॉल नावाच्या बारवर पोलिसांनी धाड घातली. अशा धाडी नेहमीच्याच होत्या, पण त्या रात्री लोकांनी मुकाट्यानं गाडीत बसायला नकार दिला. बरोबर एक वर्षानं, २८ जून १९७० ला, त्याची आठवण म्हणून तिथे पहिली मिरवणूक निघाली. आपल्या देशात पहिली निघाली ती कोलकात्यात, २ जुलै १९९९ ला. किती माणसं होती माहितीये? पंधरा! फक्त पंधरा. त्यांनी तिला मैत्रीची पदयात्रा म्हटलं. पुढे बरोबर दहा वर्षांनी, २ जुलै २००९ ला, दिल्ली उच्च न्यायालयानं प्रौढांच्या संमतीच्या संबंधांना ३७७ मधून मोकळं केलं. तारखा जुळल्या हा योगायोग. पण त्या दहा वर्षांत शहराशहरांतून चाललेली पावलं योगायोगाची नव्हती.

तुझ्या पुण्यात पहिली प्राइड निघाली ११ डिसेंबर २०११ ला. बिंदुमाधव खिरे यांच्या समपथिक ट्रस्टनं ती काढली. खिऱ्यांनी या विषयावर मराठीत पुस्तकं लिहिली हे माझ्या लेखी फार मोठं काम आहे. ज्या भाषेत आपण आईशी भांडतो त्या भाषेत आपल्याबद्दल धड शब्द नसतील तर बोलायचं कशात? आणि ही लाट पुण्यामुंबईत थांबली नाही. नागपुरात सारथी ट्रस्टच्या पुढाकारानं २०१६ पासून प्राइड निघायला लागली.

आता नीट लक्ष देऊन वाच, कारण तुझ्या प्रश्नाचं सगळ्यात पक्कं उत्तर इथे आहे. पुण्याच्या त्या पहिल्या प्राइडला दोन वर्षं झाली त्याच तारखेला, ११ डिसेंबर २०१३ ला, सर्वोच्च न्यायालयानं दिल्लीचा निकाल फिरवला. आपण पुन्हा गुन्हेगार झालो. त्या निकालात म्हटलं होतं की देशाच्या लोकसंख्येत हे लोक अगदी नगण्य आहेत आणि दीडशे वर्षांत या कलमाखाली दोनशेहूनही कमी जणांवर खटले चालले आहेत. नगण्य! गणतीत न धरण्याजोगे. मी तो शब्द वाचून रात्रभर रडले. सकाळी मात्र डोकं चालायला लागलं. आपण लपून राहिलो कशाला? कायद्याच्या भीतीनं. आणि कायदा राहिला कशाला? तर आपण दिसत नाही म्हणून. ही गाठ कुठूनतरी सुटायला हवी होती.

ती सुटायला लागली तेव्हा काय झालं बघ. आधीचा लढा नाझ फाउंडेशन या संस्थेच्या नावानं चालला होता. २०१६ साली पाच माणसं स्वतःची नावं घालून न्यायालयात उभी राहिली. नर्तक नवतेज जोहर, पत्रकार सुनील मेहरा, शेफ रितू दालमिया, अमन नाथ आणि आयेशा कपूर. हा कायदा माझ्या जगण्याच्या आड येतो, असं त्यांनी आपापल्या नावानं सांगितलं. मागोमाग आणखी लोक आले, त्यात आपल्या मुंबईचे अशोक राव कवी होते. १९९० साली 'बॉम्बे दोस्त' हे मासिक आणि १९९४ साली हमसफर ट्रस्ट सुरू करणारे. ६ सप्टेंबर २०१८ ला पाच न्यायमूर्तींनी एकमतानं निकाल दिला आणि आपल्या डोक्यावरची ती तलवार गेली. इतिहासानं या माणसांची माफी मागायला हवी, अशा अर्थाचं न्यायमूर्ती इंदू मल्होत्रांनी लिहिलं. मी ते ऑफिसच्या कँटीनमध्ये मोबाइलवर वाचलं आणि हातातला पोह्यांचा चमचा तसाच राहिला.

मिरवणुकीनं कायदा बदलला असं मी म्हणणार नाही, कायदा वकिलांनी आणि याचिकाकर्त्यांनी बदलवला. पण नाव घेऊन उभं राहण्याची हिंमत माणसाला एकट्यानं येत नाही. ती अशा रस्त्यांवर, एकमेकांच्या खांद्याला खांदा लागून येते.

एक गोष्ट मात्र मनात ठेव. सगळ्यांचं दिसणं सारखं नसतं. हिजडे, जोगते हे आपल्या समाजात कायम दिसतच होते. रेल्वेच्या डब्यात, सिग्नलवर, सौंदत्तीच्या यल्लम्माच्या वाटेवर. पण लोक त्यांना बघत, ओळखत नसत. बघणं आणि ओळखणं यांत फार अंतर आहे गं. लक्ष्मीनारायण त्रिपाठी, गौरी सावंत, दिशा पिंकी शेख यांनी स्वतःच्या नावानं, मराठीतून, लोकांच्या डोळ्यांत डोळे घालून बोलायला सुरुवात केली तेव्हा ते अंतर कमी व्हायला लागलं. १५ एप्रिल २०१४ ला सर्वोच्च न्यायालयानं तृतीयपंथी ही ओळख मान्य केली. आज आपण जीन्स घालून आरामात चालतो त्या रस्त्यावर दगड आणि शिव्या झेलत पहिल्यांदा त्याच उभ्या राहिल्या होत्या. प्राइडला गेलीस आणि शेजारी कुणी तृतीयपंथी ताई आली तर अंग चोरू नकोस. तिचा हात धर.

आता तुझा दुसरा प्रश्न. तू जावंस का?

यासाठी माझी गोष्ट पुरी करते. २०१३ च्या त्या निकालानंतर काही महिन्यांनी मी आईला सांगितलं. ती तीन दिवस माझ्याशी बोलली नाही. चौथ्या दिवशी भाजी निवडता निवडता, वर न बघता तिनं विचारलं, "राखीच्या दिवशी ती मिरवणूक होती, तेव्हा तू तिथे होतीस?" सहा वर्षं झाली होती गं! तिनं तो फोटो मनात कुठे जपून ठेवला होता कोण जाणे. मी म्हटलं, "फुटपाथवर होते." ती म्हणाली, "बरं." तेवढंच. पण त्या 'बरं'वर आमचं पुढचं सगळं उभं राहिलं.

मधले दिवस सोपे नव्हते. एका नातेवाइकांच्या आग्रहावरून मला एका डॉक्टरांकडे नेलं, त्यांनी गोळ्या लिहून दिल्या आणि लग्न केलं की ठीक होईल म्हणाले. तुझ्यावर असली वेळ आली तर गप्प बसू नकोस. जागतिक आरोग्य संघटनेनं १९९० सालीच समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली आहे. मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशांनंतर २०२२ साली राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं असले 'बदलण्याचे' उपचार हे डॉक्टरांचं गैरवर्तन ठरवलं आहे. हे पाठ करून ठेव आणि ज्याला ऐकायचं नसेल त्यालाही ऐकव.

मी पहिल्यांदा चालले ती २०१५ साली. तुमच्या पुण्यातल्या स्कूटीवरच्या मुली बांधतात तशी ओढणी डोळ्यांपर्यंत बांधून. अर्ध्या वाटेवर ती सोडावी असं कितीदा मनात आलं, पण नोकरी नवी होती, आईची मनःस्थिती नाजूक होती. मी शेवटपर्यंत ओढणी काढली नाही. आणि मला त्याची जराही लाज वाटत नाही. त्या दिवशी मोजणाऱ्यानं डोकी मोजली असतील तर त्यात माझं डोकंही होतं.

म्हणून सांगते, दिसणं हे तुझं कर्ज नाही. तू नोकरीत नवी आहेस. कराडला तात्यांना अजून काहीच माहीत नाही, बहिणीचं लग्न ठरतंय. तुझा चेहरा कुणाला, कधी दाखवायचा हे फक्त तू ठरवायचं. कुणी म्हणालं, "घाबरतेस काय, ये ना पुढे," तर गोड हसून मागे राहा. ज्यांना पुढे चालणं झेपतं ते तुझ्यासाठीच चालताहेत. तुझी पाळी येईल तेव्हा तू दुसऱ्या कुणासाठी चालशील.

जायचं ठरवलंस तर काही गोष्टी कर. एकटी जाऊ नकोस, ऑफिसातल्या त्या दोघांतिघांतलं ज्याच्यावर तुझा विश्वास आहे त्याला आधी स्पष्ट सांग की माझा फोटो कुठेही टाकायचा नाही. कॅमेरे पुढच्या मोठ्या बॅनरभोवती असतात, तू मधल्या गर्दीत राहा. टोपी, मास्क, ओढणी, हवं ते बांध, तिथे कुणी कारण विचारत नाही. तूही दुसऱ्या कुणाचा फोटो त्याला विचारल्याशिवाय काढू नकोस, तुझ्या एका स्टेटसनं कुणाचं तरी घर हादरू शकतं. पोलिसांची परवानगी काढलेली असते, आयोजकांचे स्वयंसेवक असतात, कुणी त्रास दिला तर त्यांच्याकडे जा. पाण्याची बाटली आणि चार चिक्क्या जवळ ठेव, भावना अनावर होतात तेव्हा पोट रिकामं नसावं.

आणि एक विनवणी, त्या दिवसाच्या भरात घरी फोन करून तात्यांना सगळं सांगून टाकू नकोस. परतताना मन फुग्यासारखं हलकं झालेलं असतं, सगळं जग आपलंसं वाटतं. सांगण्याचा दिवस वेगळा निवड, समोरासमोर निवड, आणि काही बिनसलं तर रात्री कुठे झोपायचं हे आधी ठरवून ठेव. माझं घर आहेच.

चालणं झेपणार नसेल तर दुसऱ्या वाटा आहेत. प्राइडच्या आसपास नाटकं, पुस्तकवाचन, आईबापांच्या बैठका होतात. मुंबईत २०१० पासून 'कशिश' चित्रपट महोत्सव भरतो. मरीन लाइन्सच्या लिबर्टी थिएटरात अंधारात बसून मी पहिल्यांदा माझ्यासारख्या दोघींची गोष्ट पडद्यावर बघितली, तेव्हा आजूबाजूचं सगळं थिएटर त्यांच्या बाजूनं होतं. अंधारातही माणूस एकटा राहत नाही.

खोटी आशा मात्र दाखवणार नाही. रविवारी इंद्रधनुषी झेंडा फडकतो आणि सोमवारी ऑफिसात तोच घाणेरडा विनोद ऐकावा लागतो. १७ ऑक्टोबर २०२३ ला सर्वोच्च न्यायालयानं आपल्या लग्नाचा हक्क मान्य केला नाही. आमच्या घरात आम्ही दोघी नऊ वर्षं राहतो, पण रेशनकार्डं दोन आहेत. हॉस्पिटलच्या फॉर्मवर 'नातं' या रकान्यापुढे आम्ही अजून 'मैत्रीण' लिहितो. हे सगळं बदलायचं आहे, आणि नगण्य म्हणून पुन्हा कुणी आपल्याला बाजूला सारू नये यासाठी दर वर्षी रस्त्यावर यावंच लागणार आहे.

तेव्हा जा. चालावंसं वाटलं तर चाल. पाय अडखळले तर कडेला एखादी दुकानाची पायरी शोध आणि तिथून बघ. नीट बघ, कारण त्या गर्दीत तुझ्यासारखी पिशवी खांद्याला लावलेली कुणीतरी नक्की असेल. आणि तू चालत असशील तर कधीतरी मान वळवून कडेला उभ्या असलेल्यांकडेही बघ. तिथे छत्रीआड कुणीतरी उभी असेल. तिच्याकडे बघून हस.

खोलीवर पोचलीस की फोन कर. कितीही वाजू देत, मी जागी असेन.

तुझी ताई